प्री-फेडर

वखार पाडायच्या आदल्या दिवशी
मी आत जाऊन एकदाच टाळी वाजवली.
पत्रा, तुळया, कोपऱ्यात दोन रिकामे बोद.
साडेतीन सेकंद रेंगाळली ती.
निपाणीतनं तेवढीच उचलून आणली.

आता ऑक्स दोनवर ती वखार आहे.
बाळव्वाचा कन्नड आवाज थोडा तिकडं पाठवतो,
भरमूचा मराठी जबाब त्याहून जरा जास्त,
ढोलकी अजिबात नाही, गढूळ होतं.
मूळ आवाज जागचा हलत नाही,
जातो तो वाटीभर वानवळा,
आणि दोघांचीही वाटी
एकाच पत्र्याखालून भरून परत येते.

अक्काताई मावशी ऐकायला आली, स्टुलावर बसली.
चोवीस वर्षं तंबाखू चाळली तिनं तिथं.
म्हटलं, थांब, बाळव्वाला जरा खाली घेतो.
फेडर तळाला नेला. आवाज गेला.
सेंड प्रीवर होता, विसरलोच होतो:
गाणारी नाही,
वखार तेवढी गातेय.

बंद करायला हात पुढं केला
तर मावशीनं पदर नाकाला लावलेला.
म्हणाली, ऱ्हाऊ दे की.
भोंगा कुठं झालाय अजून.