कॅसेट

आमच्या होडीचं नाव टिटवी.
रंगाऱ्याने स्पेलिंग तीनदा विचारून घेतलं
आणि तरी एक टी जास्तच काढला.
लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सात.
तेवढ्यात पलंग, शेगडी, पुस्तकं, प्रमिला, मी,
आणि पलंगामागच्या कोनाड्यात
वीस लिटरची कॅसेट.

पूर्वी कॅसेट म्हटलं की
फीत गुंतायची,
पेन्सिल घालून ती फिरवत बसायचं.
ही फिरवायची नसते. ही वाहून न्यायची.
लाल दिवा लागला की समजायचं,
दोन माणसांचे तीन दिवस भरले.

आज गारग्रेव्हला उणे सहा.
कालव्यावर बर्फाची साय, तिच्यात अडकलेला टेनिसचा चेंडू.
ट्रॉलीचं चाक करकरतंय.
समोरून कुत्र्याला घेऊन येणारे गृहस्थ
गुड मॉर्निंग म्हणतात
आणि ट्रॉलीकडे अजिबात बघत नाहीत.

विटांच्या खोपटाला कुलूप नाही, पाटी आहे:
पाइप गोठलाय. पुढची सोय स्किप्टनला.
टिटवी तर बर्फात रुतलेली.

उभा राहिलो.
खोटं कशाला सांगू, पुलाखाली नजर गेलीच.
तिथे अंधार होता, झुडुपं होती,
एवढ्या मोठ्या पाण्यात वीस लिटर म्हणजे काय,
असं माझंच मन मला सांगत होतं,
तीस वर्षं लीड्सच्या हॉस्पिटलात
लोकांचे नमुने काचपट्टीवर घेऊन
जंतू मोजलेलं मन.

'बसने ने,' मागून एनिड म्हणाली.
वय एक्क्याऐंशी, होडी तिच्याहून म्हातारी.
तिच्या हातात चाकांची चौकड्यांची पिशवी,
पिशवीतून डोकावणारं ओळखीचं झाकण.
'ड्रायव्हरने विचारलं तर सांगायचं, मार्मालेड.'

तर मग आम्ही दोघं, मांडीला मांडी लावून,
स्किप्टनच्या बसमध्ये.
वळणावर आतून डुचमळल्याचा आवाज आला.
एनिड खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत होती.

आणि मला कराडचा बोळ आठवला.
घरांच्या पाठी, पत्र्याची बुटकी दारं,
पहाटे डबा ओढल्याचा खरखराट.
ती लांबूनच ओरडायची, सरका, बाजूला व्हा,
तिची सावली आम्हाला लागू नये म्हणून
ती आम्हाला सांभाळायची.
मी आठ वर्षांचा. भिंतीला चिकटून
श्वास कोंडून वीसपर्यंत मोजायचो.
वीस झाले की ती गेलेली असायची.

तिचं नाव मला माहीत नाही.
आईलाही नसावं. विचारायला आई आता नाही.
कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं,
त्याच्या कुत्र्याचंसुद्धा नाव अजून आठवतं.

स्किप्टनला एनिडने शिकवलं,
ओतताना हवेचं बटण दाबून धर,
नाहीतर ढेकर देते, अंगावर उडतं.
तरी उडालं. बुटावर, थोडं बाहीवर.
निळ्या औषधाचा वास पाचोळ्यासारखा नाही,
कशासारखाच नाही.
मग लांब नळीने विसळायचं.
शेजारचा दुसरा नळ पिण्याचा.
गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी
त्याच नळाला तोंड लावून कॅसेट धुतली होती,
ते सांगताना एनिडचा आवाज पहिल्यांदा चढला.
'त्याच्या आईला सांगायला हवं,' ती म्हणाली.

परतलो तेव्हा चार वाजले, अंधारत होतं.
प्रमिला ताटं आधी कागदाने पुसत होती,
कारण मोरीचं पाणी मात्र
सरळ कालव्यातच जातं,
त्याला कुणी पाटी लावत नाही.
म्हणाली, कपडे बाहेर काढ, आणि हात धू.
मी धुतले. वीसपर्यंत मोजून.

खिडकीखालच्या बर्फावरून
एक पाणकोंबडी चालत गेली,
प्रत्येक पाऊल टाकण्याआधी थांबत,
खाली पाणी आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखी.