येणे बाकी

रास अल खैमाच्या उत्तरेला, जिथे जुल्फार होतं,
तिथे मी माती चाळतो.
सकाळी सहा ते अकरा. पुढे ऊन कोणाला उभं राहू देत नाही.
चाळणीवर राहतं ते: खापरं, माशांचे काटे,
चिनी बशीचा निळा कपचा,
खजुराच्या बिया, सहाशे वर्षांच्या आणि कालच्या डब्यातल्या,
दोन्ही सारख्याच दिसतात.

ग्रंथालय होतं म्हणे इथे, तीन खणांचं.
आम्हाला सापडल्या गुडघ्याएवढ्या भिंती.
राख नाही.
राख असती तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.
खाडी गाळाने भरली, गलबतं दुसरीकडे लागू लागली,
माणसं उठून गेली, वाळवी राहिली.

आणि एक रांजण, डांबराने तोंड लिंपलेला.
त्यात एकच वही.

मला अरबी वाचता येतं, कळत नाही.
दाभोळच्या मदरशात छडीखाली गिरवलेलं;
अर्थ नंतर, म्हणायचे उस्ताद.
नंतर राहूनच गेलं.
खलफान बिन सुवैदना कळतं, पण डोळे गेलेत.
मी अक्षरं उच्चारतो, ते अर्थ सांगतात.
दोघे मिळून एक वाचक.

पहिल्या पानावर किड्यांच्या राजाला विनवणी:
या कबीकज, तुझ्या प्रजेला आवर.
पानाची जाळी झालेली.

पुढे यादी. ग्रंथांची नव्हे, ग्रंथ नेणाऱ्यांची.
काझी मुहन्ना: घोड्यांचे आजार. परत नाही.
रया, नाखव्याची विधवा: ताऱ्यांचं पुस्तक. मागायला गेलो,
म्हणाली, तो कुठवर आला असेल ते बघतेय. मागितलं नाही.
मोत्यांचा दलाल: दोन जिल्दा, तारण तराजू. तराजू खोटा निघाला.
ग्रंथपाल घस्सानचा हात ओळीओळीला जड होत जातो.
परत नाही. परत नाही.
एक नाखवा, दाबुलचा: वाऱ्यांचं पुस्तक.
पुढच्या मोसमात देतो म्हणाला.

मी थांबलो. खलफान म्हणाले, पुढे?

आमच्या मशिदीच्या माळ्यावर पेटी होती.
मी नऊ वर्षांचा. वाळवी लागलेले कागद गोणीत भरून
होडीतून नेले, खाडीच्या मुखाशी थंड केले.
रीतच आहे, अक्षर पायदळी येऊ नये.
गोणीला दगड मी बांधला.
गाठ पक्की म्हणून शाबासकी मिळाली.

निकाहाच्या नोंदी असतील, फाटके सिपारे.
दुसरं काही नसेलच.
आमच्या दमट हवेत कागद टिकतो कुठे?

खलफान म्हणाले, जे परत दिलं ते गेलं सगळं.
वाचलं असेल तर न दिलेलंच.
अल्लाह त्या लोकांचं भलं करो.
त्या लोकांना मराठीत काय म्हणतात, मी मनात शोधलं,
आणि शब्द आला: बुडवे.

अकराला भांडारात चाळणी, ब्रश, विजेरी जमा.
परतीच्या रकान्यात सही.
आज पेन उमटेना,
दोनदा गिरवली.