जागल्या

बोट्सफ्योरच्या मासळी कारखान्यात
टॅबलेट मिटलेला.
विंडोजही झोपलेलं, पण चिपच्या तळाशी
आयलिफनं एक जागल्या बसवलाय :
दुपारभर खपून, पासवर्ड तीनदा चुकून,
वायफायचं नाव त्याच्या कानात सांगून.

आता आठशे किलोमीटरवरून, ट्रॉम्सोतून,
मोजे वाळत घालता घालता तो हाक देतो :
ऊठ.

उठत नाही.
पुन्हा. नाहीच.

शेवटी फोन. रात्रपाळीची ओडनी
हातमोजा दातांनी ओढत म्हणते,
"ती वायर होय? मीच काढली.
किटली लावायची होती."

चार्जरवर असला तरच जागल्या ऐकतो,
हे बारीक अक्षरांत होतं.
आयलिफनं वाचलंही होतं.

"कॉफी होऊ दे आधी," तो म्हणतो.

मग फोन कुणीच ठेवत नाही.
किटली खदखदते, दोन्हीकडे.