वास

आमच्या देशाला समुद्र नाही.
व्लास्तिमिलनं तो पोत्यातून आणला, पंचवीस किलो मीठ,
लिफ्ट बंद म्हणून सात मजले पाठीवर,
आणि न्हाणीघरात बादलीत ढवळला
निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात.

एकतीस वर्षं ओस्त्रावाच्या पोटात कोळसा.
आता दिवाणखान्यात निळा दिवा, जांभळी प्रवाळं,
आणि तळाला वीतभर वाळू.
काचेच्या कडेनं पाहिलं की थर दिसतात:
वर पांढरी, मग मळकट,
मग काळी, त्याच्या जुन्या नखांसारखी काळी.

"तिथे हवा पोचत नाही," तो सांगतो.
"तिथले जीव पाण्यातल्या सल्फेटवर श्वास भागवतात
आणि सोडतात ते विष.
लोखंड भेटलं तर ते काळं होऊन तिथंच बसतं.
वर निघालंच, तर प्राणवायू वाटेत गाठतो त्याला.
फक्त उकरायचं नाही."

जानेवारीत त्यानंच उकरलं.
एक दगड कलंडला होता. कोपरापर्यंत हात घालून
ओढला, आणि वाळूतून
राखाडी काहीतरी उठलं, धुरासारखं.
सडकी अंडी. पडद्यांत, सुपात, माझ्या केसांत.
गोबी मासा वर येऊन तोंड मिटेना.

"पंप वाढव." वाढवला.
मी खिडकीपर्यंत गेले, परत आले,
सहज बोलून गेले:
"गेला बघ वास."

तो पांढराफटक.
ओल्या हातानं माझं मनगट धरलं,
दार, जिना, सहावा, पाचवा,
ओटिलिएबाई कुत्रा घेऊन चढत होत्या
त्यांनाही वळवलं, कुत्र्यासकट,
थेट अंगणातल्या बर्फात, घरातल्या सपाता पायांत.

खाणीत नव्या पोरांना तो हेच शिकवायचा:
वास येतोय तोवर वेळ आहे.
नाक गप्प झालं की पळा.
लुबोशला वाटलं होतं, टळलं.
तो डबा उघडून बसला होता.

"अरे, टाकीभर वाळू ती," मी म्हटलं.
"ठाऊक आहे," म्हणाला.
मनगट सोडलं नाही.

वर गेलो तेव्हा गोबी गेला होता, दोन गोगलगायीही.
प्रवाळं दहा दिवस मिटून होती.
दगड अजून तिरपाच आहे.

कधी रात्री, दिवा मालवल्यावर, तो विचारतो,
"द्राहो, वास येतोय का?"
येत नसतो. मीठ असतं, पंपाची घरघर असते.
"येतोय थोडा," मी म्हणते,
आणि तो कुशीवर वळतो.