सांत आनाचं पुस्तक

पास्कांचं फेस्त उलटल्यावर टेम्पोतून आली,
गोणपाटात गुंडाळलेली, सुंभानं बांधलेली.
कुंभारजुव्यात माझ्या पडवीत उतरवली चौघांनी.
सागवान. साडेतीन फूट. डाव्या खांद्याला वाळवी.
गुडघ्याशी मुलगी, हातात उघडं पुस्तक.
पावतीवर मी लिहिलं : सांत आना, दिवाडीच्या कपेलातली.
बायको म्हणाली, पाहुणी आहे, पाटावर तरी ठेवा.

आमच्याकडे तीन पिढ्या हेच काम.
आत देव्हाऱ्यात कालिका, बाहेर पडवीत सांतान.
बाबा सांगायचे, शालीचा रंग कधीही लाव,
डोळे रंगवायचे तर आंघोळ करून बस.
कोणाचेही असोत.

तिसऱ्या दिवशी एर्मेलिंदा आली.
फेरीबोट, मग बस, मग उन्हातून चालत,
पिशवीत दोन तवशी.
"बघायला आले," म्हणाली.
मला वाटलं, काम बघायला.
ती चपला काढून स्टुलावर बसली
आणि बघतच राहिली अर्धा तास.
ओठ हलत नव्हते. तेर्साची माळ पिशवीतच.
मी चेहऱ्यावरचा रंग काढत होतो :
वर गुलाबी ऑइल पेंट, कुणीतरी घाईत फासलेला,
खाली फिकट हिरवा, त्याखाली शेंदरी,
त्याखाली लाकूड, गाठीसकट.
"आज चेहराच नाही राहिला," मी ओशाळून म्हणालो.
"असू दे. सकाळी माझा तरी कुठे असतो."

मग आठवड्यातून दोनदा यायची.
एकदा विचारलं, एवढं काय मागता हो?
"मागून झालं.
मुलगा बोटीवर गेला, नवरा मातीत गेला,
मागणं तिथंच सरलं.
शाळा मी पाहिली नाही. पाद्र वाचतो ते कानावरून जातं.
ही मात्र साठ वर्षं एकच पान उघडून बसलीय,
बोट एकाच ओळीवर.
ती मुलीला शिकवते, मी मागे बसून ऐकते."
"मग काय लिहिलंय त्या ओळीत?"
"अजून तिथंच आहोत आम्ही."

कमिटीचे फ्लोरियान बाब दर सोमवारी फोन करत.
पुस्तकावर लातिन अक्षरं हवीत, सोनेरी,
कागद पाठवतो, नीट बघून उतरवा.
कागद आला. मी सोनं घोटलं, ब्रश निवडला,
आणि आधी पान साफ करायला घेतलं.

वरच्या थरात अक्षरं होती,
कुणा पेंटरनं मनानं काढलेली, अळ्यांसारखी.
दुसऱ्यात नुसत्या रेघा.
तिसऱ्यात काही नाही.
लाकडावरही काही नाही. कोरणाऱ्यानं
पान कोरंच सोडलं होतं.
त्यालाही वाचता येत नसावं,
किंवा येत असावं.
फक्त डाव्या पानाच्या कडेला एक खळगा,
तुळतुळीत, काळपट,
मेणाचा, खोबरेलाचा, घामाचा.
इथं बोट लावून ओठांना लावत असणार बायका,
प्रत्येक नवा रंग झिजवून पुन्हा लाकडापर्यंत.
एवढा गुळगुळीत खळगा पटाशीला जमत नाही.
मी माझा अंगठा ठेवून बघितला.
बसला.

जुलैत डोळे रंगवले, पहाटे, आंघोळ करून.
उजव्या पानावर फ्लोरियान बाबांची लातिन, दोन ओळी;
एक अक्षर चुकलं, अजून कोणी बोललेलं नाही.
डाव्या पानाला ब्रश लावला नाही.
बिलात तशी नोंद केली :
डावं पान, काम नाही, पैसे नाहीत.

न्यायला टेम्पो आला तेव्हा एर्मेलिंदा पुढे बसली होती,
ड्रायव्हरला सांगत होती, खड्डे बघून चालव.
माझ्याकडे तिनं नीटसं पाहिलंही नाही.

पडवी आता मोकळी आहे.
स्टूल कोणी हलवलं नाही.
चारच्या सुमारास कधी मीच बसतो त्याच्यावर.
समोर भिंत, भिंतीवर रंगाचे शिंतोडे.
त्यातला एक निळा,
तो तिच्या शालीचा.