घरगुती कारण

वर्षभरात सदतीस राजीनामे,
सदतीस कागदांवर एकच कारण : घरगुती.
उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
लोखंडापेक्षा घरंच जास्त वितळत असावीत.

मुतगेकर साहेब म्हणाले,
"खानापूरकडची पोरं टिकतच नाहीत."
तीस वर्षांचा अनुभव ते टेबलावर ठेवतात
पेपरवेटसारखा.
खालचे कागद मग हलत नाहीत.

माझंही ठरलेलं होतं म्हणा.
तळवार. मोल्डिंगचा सुपरवायझर,
कन्नडातून खेकसणारा,
आणि हाताखाली निम्मी पोरं मराठी.
बेळगावात वाढलेल्या माणसाला
हे वेगळं शिकवावं लागत नाही,
पाटीवरची अक्षरं बघूनच आपण बाजू घेतो.

रविवारी हजेरीची रजिस्टरं उघडली.
पानापानावर काळ्या वाळूची बोटं.
कोण, कुठल्या पाळीचा, कुठल्या गावचा,
कितव्या महिन्यात गेला.
तळवारच्या हाताखालचे गेले चार.
सगळ्यात कमी.
पुन्हा मोजले. खरं सांगायचं तर
तीनदा मोजले, आकडा बदलेल म्हणून.

एकोणतीस जण दुसऱ्या पाळीचे.
लुमाण्णाला फोन लावला, तो आता
गोव्यात हॉटेलात भांडी घासतो.
"पाळी सुटते साडेअकराला, शेवटची बस अकराची.
पिरनवाडीपर्यंत कोणतरी सोडायचा,
पुढं चालत."
मग तसं लिहायचं नाही का रे?
"तसा रकाना नव्हता की, मॅडम."

फॉर्म मीच केला होता.

साहेबांकडून तीन महिने मागून घेतले :
एका लाइनची पाळी तासभर अलीकडे,
दुसरी होती तशीच.
पहिलीतून दोघे गेले, दुसरीतून सात.
"योगायोग असेल," साहेब म्हणाले.
असेलही. तेही टिपून ठेवलंय,
आणखी तीन महिने मागितलेत.

नव्या फॉर्मवर कारणापुढे
नुसती मोकळी जागा आहे.
गेलेल्या दोघांतल्या इराप्पानं
तिथं कन्नडात दोन ओळी लिहिल्या.
मला बोलणं समजतं, वाचताना अडखळते.
कागद तळवारकडे नेला.

त्यानं चष्मा शर्टाला पुसला, वाचलं,
म्हणाला, "भट्टीकडचा पंखा बंद हाय.
दिवाळीपासनं. मी पण सांगितलं होतं की."
कुणाला?

तो माझ्याकडे बघत राहिला.

मला वाटलं होतं, तो ओरडतोय.