तिसरी ब, सातपूर

दोन लॅब्रडोर वर्गात आले,
पाठीवर निळं जॅकेट: शिकाऊ.
बाई म्हणाल्या, हाताची घडी.
चौतीस जणांनी घातली,
कुत्र्यांनीही, जवळजवळ.

परीक्षा त्यांची होती:
घंटा, गोंगाट, डब्यातली भजी,
कशाकडेच बघायचं नाही.

हर्षल गांगुर्डेनं मूठ उघडली.
आईनं पॅकहाउसातून आणलेली
तीन द्राक्षं.
"अरे नको! कुत्र्यांना विष असतात ती."

वर्ग गप्प.
आपली द्राक्षं?

हर्षलनं तिन्ही स्वतःच्याच तोंडात कोंबली,
हात चड्डीला पुसला,
पुसतच राहिला.
तेव्हा बुंदी जागची उठली
आणि त्याच्या मांडीवर
हनुवटी टेकून बसली.

ट्रेनरताईनं वहीत फुली मारली.
"म्हणजे नापास?"
"म्हणजे पुढच्या गुरुवारी
परत यावं लागणार."